चातुर्मासात सोडलेली माती

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी.

आजपासून चातुर्मास. नेम धरला: माती सोडली. कार्तिकीपर्यंत कणसुद्धा नाही. पुढचं परिस्थिती पाहून.

हे जाहीर करता येत नाही, कारण मी माती खातो हे घरात कोणालाच ठाऊक नाही. त्यामुळे अरुणाने विचारलं, अहो, यंदा काय सोडताय, तेव्हा मी वांगं म्हणालो. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून तुम्ही वांगं खाल्लेलं मी पाहिलेलं नाही. मी म्हणालो, मनातून सोडलं नव्हतं. बँकेत चेकवरची सही जुळवताना ती जशी बघते, तशी थोडा वेळ बघत राहिली.

हे व्यसन नव्हे. व्यसन माणसाला सोडता येत नाही. मी आज सकाळी सोडलं.

तत्त्वाचा प्रश्न वेगळा. प्राचीन वैद्यकात मृत्तिकाभक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. (ज्या संदर्भात आहे तो संदर्भ इथे अप्रस्तुत.) गोकुळातलं ते प्रसिद्ध प्रकरण आहेच, त्यात मुलाला पुढे काही अपाय झाल्याची नोंद नाही. शिवाय मी रस्त्यावरची माती खात नाही. ऑनलाइन मागवतो. फेसपॅकच्या नावाखाली येते, नैसर्गिक, बिनरसायनाची. पाकिटावर 'खाण्यासाठी नाही' असं छापतात ते कायद्यापुरतं. खालचे रिव्ह्यू वाचावेत. 'मस्त कुरकुरीत.' 'आईलाही आवडली.' फेसपॅकला कुरकुरीत कोण म्हणतं? लोकानुभव हेही एक प्रमाणच.

उरलेलं अर्धं पाकीट कपाटात, शब्दकोशांच्या मागे ठेवलं. टाकून देणं म्हणजे अन्नाचा अपमान.

९ जुलै, बुधवार.

नेम उत्तम चालू.

कॉलेजातून आलो तर दोन्ही लिफ्ट बंद. आम्ही सतराव्या मजल्यावर. खारघरमध्ये हवा चांगली म्हणून उंचावर घेतलं होतं. सातव्या मजल्यावरच ती संपली. पायरीवर बसलो. एका बाईंनी दार उघडून पाणी दिलं, म्हणाल्या, काका, डॉक्टरांना दाखवा, पांढरे पडलात. मी म्हणालो, बिल्डरने पायऱ्या उंच ठेवल्यात.

घरी पोचल्यावर आधी कपाट उघडलं. पाकिटातला एक तुकडा घेतला. उपासाला औषध चालतं.

१३ जुलै, रविवार.

सोसायटीची मीटिंग. यंदा मुलांसाठी शाडूच्या मूर्तींची कार्यशाळा. प्रमुख कोण, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सर संस्कृत शिकवतात, त्यांना मूर्तिशास्त्र माहीत असणार. मला विभक्ती माहीत आहेत. पण मी होकार दिला. सोसायटीचं ऑफिस गळतंय, म्हणून माती कार्यशाळेपर्यंत प्रमुखाच्या घरी ठेवायचं ठरलं.

मी नको म्हणालो. हे इथे नोंदवतो. स्पष्ट नको म्हणालो, पण फार मोठ्याने नाही.

१७ जुलै, गुरुवार.

धर्मराज म्हात्रे स्वतः गोणी घेऊन आला. खालच्या गावठाणातला. तीन बिल्डिंगी भाड्याने दिल्यात, तरी वडिलांची गणपतीची शेड चालवतो. गोणी खांद्यावरून उतरवली आणि म्हणाला, सर, चांगली शाडू हाय, सुकी ठेवा, पानी लागू देऊ नका. मी विचारलं, शुद्ध आहे ना? तो म्हणाला, गनपतीला चालते, मंग तुमाला काय? खायची हाय का?

तो हसला. मीही हसलो. मी जरा जास्त वेळ हसलो असं नंतर वाटलं.

गोणी मागच्या खोलीत, पलंगाखाली. ती खोली रिकामीच असते. मी त्या खोलीत जाणार नाही. विषय संपला.

१९ जुलै, शनिवार.

प्राची आली. आमची एकुलती एक. सातवा संपत आलाय, आता बाळंतपण होईपर्यंत इथेच. जावई कुलदीप पुण्याहून सोडून गेले. तिची खोली म्हणजे अर्थातच मागची खोली.

म्हणजे आता गोणी आणि मी यांच्यामध्ये एक दार, एक मुलगी आणि माझी प्रतिष्ठा. चांगलंच झालं. नेमाला कुंपण हवंच असतं.

दारातच प्राची म्हणाली, बाबा, किती गोरे झालात. सात्त्विक आहाराने कांती उजळते असं म्हणतात. पोटाचं मौन चालू आहे, आज तिसरा दिवस.

२४ जुलै, गुरुवार. दिव्यांची अमावास्या.

शाडू सुकी राहिली आहे का, हे पाहणं कार्यशाळाप्रमुखाचं कर्तव्य आहे. सकाळी पाहिली. दुपारी प्राची झोपली असताना पाहिली. संध्याकाळी ती आईबरोबर पोडियमवर फिरायला गेली, तेव्हा सविस्तर पाहिली.

विचार केला. मी जो नेम धरला तो मातीचा. शाडू हे मूर्तिद्रव्य आहे. संकल्पात जे उच्चारलेलं नाही ते संकल्पात येत नाही, ही मीमांसेची साधी गोष्ट. तरीही काळजी म्हणून तव्यावर भाजून घेतली. अग्नी सर्व शुद्ध करतो.

अरुणा आल्या आल्या म्हणाली, काय भाजलंत? मी म्हणालो, नाचणी. म्हणाली, घरात नाचणी नाहीये. मी म्हणालो, आता नाहीच आहे.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी.

आज तवा ठेवत नाहीत, जमीन खणत नाहीत. दोन्ही पाळलं. तवा ठेवला नाही. खणलंही नाही, गोणीच्या वरवरची उचलली.

कच्चीची चव वेगळी. जरा भारदस्त.

२ ऑगस्ट, शनिवार.

गंभीर बाब. गोणी खाली जात्येय. मी घेतो ते चिमूट, फार तर मूठ. त्या हिशेबाने गोणीला काही कळायलाही नको. आज हात घातला तर कोपरापर्यंत गेला.

संशयाची सुई भागीरथीवर. केर काढायला त्या खोलीत तीच जाते. आडून विचारायचं ठरवलं. म्हणालो, भागीरथी, पलंगाखालची गोणी हलवतेस का? ती झाडू टेकवून उभी राहिली. म्हणाली, काका, सरळ बोला ना. माती न्यायला मी येडी हाय का? आमच्या चाळीत दाराच्या आत माती, दाराच्या भायेर माती. तुमी सतराव्या माळ्यावर राहता, तुमालाच नवाई.

आतून प्राची हसली. खूप हसली. मग तिला ठसका लागला.

भागीरथी रोज चहाचा कप पुसून ठेवते, तो आज ओला ठेवला.

५ ऑगस्ट, मंगळवार.

रबाळ्याला एका टेस्टिंग लॅबमध्ये तेजस असतो, माझा जुना विद्यार्थी. संस्कृतला शंभरातले शंभर मार्क पडतात म्हणून घेतलं होतं त्याने, पण मुलगा चांगला. त्याला फोन केला, की सोसायटीत लहान मुलं माती हाताळणार, जबाबदारी माझी, तर एकदा तपासून दे. पुडी दिली. प्रमुखाने सावध असावं. यात वैयक्तिक काही नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार.

तेजसचा फोन. म्हणाला, सर, शिसं निघालंय थोडं. मूर्तीला चालेल, टेन्शन नको, फक्त मुलांना हात धुवायला सांगा. कोणी खाणार थोडीच आहे?

निष्कर्ष: मूर्तीला चालेल. अहवाल समाधानकारक.

सहज विचारलं, की समजा भाजली तर? तो म्हणाला, सर, शिसं भाजून कुठे जाणार? काय चाललंय तुमचं? मी म्हणालो, तात्त्विक शंका.

रसायन हा माझा विषय नव्हे. ज्या शास्त्रात गती नाही त्यात मत बनवू नये.

१० ऑगस्ट, रविवार. दुपार.

अरुणा वाशीला भावाकडे गेली होती. मी गोणीच्या पाहणीसाठी मागच्या खोलीत गेलो. प्राची झोपली असेल असं वाटलं होतं.

ती पलंगाला टेकून खाली बसली होती. मांडीत स्टीलची वाटी. वाटीत शाडूचे तुकडे. शेंगदाणे खावेत तशी खात होती, एका हाताने मोबाईल बघत.

ती दचकली नाही. म्हणाली, बाबा, बसा. मी बसलो.

म्हणाली, पुण्यात असताना खडू खायची. मग कुंडीतली माती. कुलदीपला कळू दिलं नाही, स्वतःचीच लाज वाटायची. इंटरनेटवर वाचून आणखी घाबरली. इथे आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला पाहिलं, पलंगाखाली अर्धा आत गेलेला. (त्या दिवशीची पाहणी नोंदवायची राहिली होती.) तिला इतकं हलकं वाटलं म्हणे, की ती बाथरूममध्ये जाऊन रडली. म्हणाली, तुम्ही टूथपेस्टच्या ट्यूबवरचंसुद्धा शेवटपर्यंत वाचता. म्हटलं, बाबा खातायत म्हणजे सगळं बघितलेलं असणार. मग मी बिनधास्त खायला लागले.

वाटी माझ्यापुढे केली. मी घेतली नाही. या चातुर्मासातलं पहिलं यश, पण त्याचा आनंद झाला नाही.

सांगायला हवं होतं ते शुक्रवारचं. सांगितलं ते असं: दुपारचं जास्त खाऊ नये, पित्त होतं.

११ ऑगस्ट, सोमवार.

योजना. प्राचीला सगळं सांगायचं. शांतपणे, क्रमाने: आधी शास्त्रकारांचं मत, मग आधुनिकांचं, मग शिसं.

अडचण: शिसं म्हटलं की ती विचारणार, कधी कळलं. अरुणाला सांगितलं तर ती विचारणार, तुम्हाला माती तपासायचं सुचलंच का. उत्तरं तयार नाहीत. तयार झाली की सांगतो.

तोवर व्यवहारी उपाय. पहाटे गोणी उचलून खाली गाडीच्या डिकीत ठेवली. आता प्राचीला मिळणार नाही. लिफ्टमध्ये गोणी धरून उभं राहताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मन स्वच्छ होतं.

रात्री जेवताना प्राची माझ्याकडे बघत होती. आमटीत भात नुसता कालवत राहिली. ती पाच वर्षांची असताना पाटीवरची पेन्सिल खायची. मी ओरडलो होतो. त्या वेळी मला अधिकार होता.

१२ ऑगस्ट, मंगळवार.

डिकीत छत्री राहिली होती, ती आणायला गेलो. नंतर गाडीचे कागद पाहायला गेलो. संध्याकाळी स्टेपनीची हवा पाहिली. वॉचमन म्हणाला, साब, गाडी बेचनी है क्या?

प्राचीला सांगणं: उद्या. आज तिचे पाय सुजले होते.

१३ ऑगस्ट, बुधवार.

उद्या डॉक्टरची तपासणी आहेच. विषय आपोआप निघेल. मुद्दाम काढणं बरं दिसत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार.

डॉ. सुचिता यांचं क्लिनिक, सेक्टर सात. प्राची, अरुणा आणि मी. मी कधी आत जात नाही, आज गेलो.

हिमोग्लोबिन खाली. गेल्या महिन्यापेक्षाही खाली. डॉक्टर म्हणाल्या, गोळ्या नियमित घेताय ना? अरुणा म्हणाली, मी समोर उभी राहून देते. डॉक्टर पेन बंद करत म्हणाल्या, माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ, असं काही खावंसं वाटतं का? बऱ्याच जणींना वाटतं, लाजायचं काही नाही.

प्राचीने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी गॅदरिंगला शब्द विसरली की बघायची, अगदी तशी.

मी म्हणालो, छे छे, आमच्या घरात तसलं काही नाही.

माझा आवाज फार छान लागला. अरुणाने कौतुकाने मान हलवली. प्राचीने मान खाली घातली आणि तिचा हात पोटावर गेला.

खाली गाडीपाशी आलो आणि म्हणालो, छत्री राहिली. ती राहिली नव्हती. उठताना मीच ती पायाने खुर्चीखाली सरकवली होती. का सरकवली, तेव्हा माहीत नव्हतं.

जिन्याने वर गेलो. दम लागला. डॉक्टरांना म्हणालो, ती माती खाते. मग म्हणालो, मी पण. मग म्हणालो, माझं बघून.

त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, रक्तात लोह कमी झालं की असल्या गोष्टी खाव्याशा वाटतात. आणि माती पोटात लोह धरून ठेवते, अंगी लागू देत नाही, म्हणजे आणखी कमी होतं, आणखी खावंसं वाटतं. माणूस यात गोल फिरत राहतो. मी विचारलं, भाजून घेतली तर? म्हणाल्या, जंतांची अंडी मरतील. शिसं नाही मरत. आणि शिसं बाळापर्यंत पोचतं. मी म्हणालो, यात आहे शिसं. त्या म्हणाल्या, तुम्हाला कसं माहीत? मी म्हणालो, तपासून घेतलं. त्या म्हणाल्या, कधी? मी म्हणालो, गेल्या शुक्रवारी.

त्यांनी पेन खाली ठेवलं. तीस वर्षं शिकवतोय, पण एवढ्या कमी शब्दांत मला कोणी नापास केलेलं नाही.

दोघांच्या रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. म्हणाल्या, मुलीला तुम्हीच सांगा. आणि लवकर. जाताना असंही म्हणाल्या, की या कारणासाठी आपणहून आलेला पहिला पुरुष पेशंट तुम्ही. हा मी मान समजलो.

खाली आल्यावर अरुणा म्हणाली, छत्री कुठाय? ती खुर्चीखालीच राहिली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.

झेंडावंदनानंतर पोडियमच्या बाकावर प्राचीला सांगितलं. क्रम जमला नाही. शिसं आधी आलं, शास्त्रकार आलेच नाहीत.

ती ओरडेल अशी तयारी ठेवली होती. तिने एवढंच विचारलं, तुम्हाला कधी कळलं? मी म्हणालो, शुक्रवारी. ती म्हणाली, बाबा, आज शुक्रवार आहे.

मग वर गेली आणि पावडरचा डबा घेऊन आली. त्यात भाजलेली शाडू होती, गोणी हलवण्याआधी काढून ठेवलेली. माझ्यासमोर फुलझाडांच्या वाफ्यात रिकामी केली. डबा नळाखाली धुतला. हात धुतले. म्हणाली, मी सोडली. तुम्ही?

मी म्हणालो, मी तर आषाढीलाच.

कोणत्या वाफ्यात टाकली ते मी पाहिलेलं नाही. जास्वंदीच्या.

१८ ऑगस्ट, सोमवार.

शनिवारी सकाळीच आम्ही दोघांनी रक्त दिलं होतं, अरुणाला साखरेची तपासणी सांगून. क्लिनिकमध्ये मोबाईल नंबर अरुणाचा दिलेला. रिपोर्ट तिच्या फोनवर गेले. माझाही.

ती बँकेतून दुपारीच घरी आली. दारातून म्हणाली, सुभाष. अरुणा मला नावाने फक्त फॉर्म भरताना हाक मारते. समोर फॉर्म नव्हता.

प्राचीच्या रक्तात शिसं आहे, थोडं. माझ्यात त्याहून जास्त. हिमोग्लोबिन माझं माझ्या गरोदर मुलीपेक्षा कमी आहे. म्हणजे पायऱ्या नेहमीच्याच उंचीच्या होत्या.

अरुणाने डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. डॉक्टर म्हणाल्या, माती बंद, कॅल्शियम आणि लोह चालू, तीन आठवड्यांनी पुन्हा तपासू. अरुणाने विचारलं, बाळाचं काय? डॉक्टर म्हणाल्या, वेळेत कळलंय असं वाटतं. बघू.

'बघू' हा शब्द मी वर्गात विद्यार्थ्यांना किती सहज देतो.

अरुणाने कपाट उघडलं. शब्दकोश काढले. अर्धं पाकीट काढलं. गाडीची किल्ली मागून घेतली. मी गोकुळाचा दाखला दिला. ती म्हणाली, तो मुलगा त्रेपन्न वर्षांचा नव्हता.

सहा जुलैला जो संदर्भ अप्रस्तुत म्हटला होता तो आता लिहून टाकतो. तो पांडुरोगाच्या, म्हणजे रक्तक्षयाच्या, कारणांचा आहे.

२४ ऑगस्ट, रविवार.

कार्यशाळा पार पडली. माती वाटपाला अरुणा बसली होती, कॅश काउंटरला बसते तशी. प्रत्येक मुलाला गोळा मोजून. मला पाण्याची बादली आणि मार्गदर्शन एवढंच दिलं होतं. मार्गदर्शन मी बादलीपासून लांब उभं राहून केलं.

घरचा गणपती यंदा मी स्वतः करणार, हातभर उंच, असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मुलांना देऊन उरली त्यात वीतभरही होईना. शेवटी मुठीएवढा झाला. सोंड डाव्या बाजूला वळवायची होती, मधेच राहिली.

धर्मराज बघायला आला होता. म्हणाला, सर, गोनी भरून दिलती. हे एवढंच? घुशी लागल्या काय? अरुणा म्हणाली, हो भाऊ, एक मोठी घूस होती. धाकटी सुधारली. तो म्हणाला, वैनी, पिंजरा लावा. ती म्हणाली, लावलाय.

उंदीर प्राचीने केला. हातावर ठेवून मला दाखवला. आठवड्यात ती पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलली. म्हणाली, बाबा, याला मिश्या काढू का? गोळ्यांनी तिचं तोंड कडू होतं, पण घेते.

मीही घेतो. अरुणा दोघांना रांगेत उभं करून देते.

२६ ऑगस्ट, मंगळवार. हरितालिका.

गणपती आणि उंदीर हॉलमधल्या खिडकीत वाळत ठेवलेत.

उंदराची शेपटी मुळातच बारीक होती. सकाळी पाहिलं तर तडा गेलेला. हात लावला तर सुटली. सुटलेली शेपटी परत लागत नाही. तिचं दुसरं काय करणार होतो?

अवशेषाची विल्हेवाट म्हणजे भक्षण नव्हे. शिवाय कालपर्यंत आठ दिवस निर्दोष गेले होते. एका शेपटीने नेम मोडत नाही, फार तर आखूड होतो.

संध्याकाळी खिडकीपाशी उभा होतो. बिनशेपटीचा उंदीर बरा दिसत नव्हता. असा उंदीर देवापुढे ठेवणं योग्य की अयोग्य, यावर बराच विचार केला.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी.

सकाळी प्रतिष्ठापनेच्या वेळी उंदीर नव्हता.

पाट होता, दूर्वा होत्या, मुठीएवढा गणपती होता. त्याच्या पायाशी उंदराच्या आकाराची जागा होती. आरतीचं ताट हातात धरून अरुणा थांबली. आमच्या दोघांकडे पाहिलं. म्हणाली, तोंड उघडा.

मी म्हणालो, अगं, गुरुजी लाइनवर आहेत. (पूजा आम्ही व्हिडिओ कॉलवर करतो.) ती म्हणाली, गुरुजी, जरा थांबा.

आधी प्राचीने उघडलं. स्वतःहून, मोठं, डोळे मिटून. अरुणाने मोबाईलचा टॉर्च लावला. जीभ स्वच्छ. दात स्वच्छ. अरुणा बराच वेळ पाहत होती, गरजेपेक्षा जास्त. मग तिने प्राचीच्या गालावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

उंदीर प्राचीने खाल्लेला नाही, हे मी कोणत्याही प्रमाणाशिवाय सांगू शकलो असतो.

मग टॉर्च माझ्याकडे वळला. गोकुळातल्या आईला त्या मुलाच्या तोंडात अख्खं विश्व दिसलं होतं. अरुणाला दाढेत उंदराचा कान दिसला.

ती एवढंच म्हणाली, दात घासून या. गुरुजींनी पलीकडून विचारलं, यजमान कुठे गेले?

आरती उंदराविना झाली. मी बाथरूममधून टाळ्या वाजवल्या.

२८ ऑगस्ट, गुरुवार. दीड दिवसाचं विसर्जन.

घरीच, बादलीत. विरघळल्यावर पाणी खाली झाडांना घालायचं. हे काम मी करेन म्हणालो होतो, कारण मला मंत्र येतात. अरुणा म्हणाली, इथूनच म्हणा. तिने मला बेडरूममध्ये बसवलं आणि बाहेरून कडी घातली. हे तिथूनच लिहितोय. दोन गोळ्या आणि पाण्याचा ग्लास दिलाय.

मंत्र म्हटले. बाहेर पाण्याचा आवाज आला. मग ओल्या शाडूचा वास आला, दाराच्या खालच्या फटीतून.

थोड्या वेळाने दाराच्या पलीकडे कोणीतरी सावकाश खाली बसलं. पाठ दाराला टेकल्याचं कळलं. प्राची म्हणाली, आईने मला पण तिकडे थांबू नको म्हणून सांगितलंय. मग म्हणाली, बाबा, वास येतोय? मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, मला पण नाही.

आम्ही तसेच बसलो. मधेच तिने सांगितलं, बाळ लाथा मारतंय, आज जास्त. मी दाराला कान लावला. ऐकू काही येत नाही दारातून, पण लावला. तिने विचारलं, तुम्ही उद्यापासून सोडणार ना, खरं? मी म्हणालो, अगं, चातुर्मास आहे.

बाहेर अरुणा बादली उचलून लिफ्टकडे गेल्याचं ऐकू आलं. कडी कोणी काढली नाही.

नेमाचा आढावा घ्यायला निवांत वेळ मिळाला आहे. आषाढीपासून आजपर्यंत वांगं एकदाही खाल्लेलं नाही.